रास्पबेरी पाय ४ वजनकाट्यावर: वॉचडॉग ठीक, पण सिरीयल जोडल्याशिवाय बसवू नका

लातूरकडच्या एका डाळ मिलच्या वजनकाट्यावर रास्पबेरी पाय ४ हा छोटा कम्प्युटर-बोर्ड बसवलाय. काम साधंच, काट्याच्या इंडिकेटरमधून (आकडा दाखवणारा डबा) आरएस-२३२ या जुन्या सिरीयल वायरीवर वजन येतं ते वाचायचं, पावती छापायची आन् आकडा सर्व्हरला पाठवायचा. स्पीड, रॅम वगैरे यूट्यूबवर ढिगानं पडलंय, ते सोडा. माझा रिव्ह्यू दोनच गोष्टींचा, बोर्ड लटकला तर आपोआप उठतो का (हे काम वॉचडॉगचं), आणि नाहीच उठला तर घरी बसून काय झालंय ते कळतं का (हे काम सिरीयलचं, म्हणजे बोर्ड जे मेसेज सोडतो ते वायरीवरनं बाहेर काढायचे).

कारण सोयाबीनच्या सीझनला ट्रॉल्यांची लाईन पार रोडपर्यंत येती आणि नेमकी तेव्हाच लाईट ये-जा करती. मग काट्यावरच्या मामांचा फोन, “सर, लाल लाईट हाय, पण हिरवी काई लुकलुकना.” आता यावरनं काय समजायचं? एसडी कार्ड गेलं, कर्नल (लिनक्सचा गाभा) अडकलं, का आणखी काही? तिकडं मुनीम हातानं पावत्या फाडतोय आणि ट्रॅक्टरवाले बोंबलतायत.

वॉचडॉगचं म्हणाल तर तो चिपमध्येच आहे, वेगळं काही विकत घ्यायचं नाही. चिपमधलं टायमर एका दमात १६ सेकंदांच्या आतच मोजतं, तेवढ्यात कुणी त्याला टोचलं नाही, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ असं कळवलं नाही, की बोर्ड रीसेट. सिस्टमडीला, म्हणजे लिनक्समधले बाकी प्रोग्राम सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, हे काम दिलं की झालं. पण गंमत अशी की सिस्टमडी जिवंत असेल तर ते टोचतच राहतं, मग आपला पावतीचा प्रोग्राम आत मरून पडला असला तरी वॉचडॉगच्या लेखी सगळं आलबेल. म्हणून सिस्टमडीच्या सर्व्हिस फाईलमध्ये त्या प्रोग्रामला वेगळा वॉचडॉग आणि रीस्टार्ट लावायचा, आणि प्रोग्रामनं वजन खरंच वाचलं तरच हजेरी द्यायची, नुसती लूप फिरली म्हणून नाही. हे कुणी सांगत नाही.

दुसरी भानगड म्हणजे बूट होतानाच रूट फाईलसिस्टम (कार्डावरचा सिस्टमचा मुख्य भाग) उघडता आली नाही तर सिस्टमडी उठतच नाही, मग त्याच्या भरवशावरचा वॉचडॉगही झोपलेला. कर्नल पॅनिक होऊन तिथंच थांबतं, कुणी जाऊन प्लग काढेस्तोवर. कर्नलच्या कमांडलाईनला (बूट होताना त्याला मिळणारी सेटिंगची ओळ) पॅनिक=१० टाकलं की दहा सेकंदांनी स्वतःच रीबूट मारतं. कार्डच खराब असलं तर रात्रभर रीबूट रीबूट चालणार ते वेगळं, म्हणून ओव्हरले लावून (म्हणजे बदल कार्डावर न लिहिता रॅममध्येच ठेवून) रूट रीड-ओन्ली करा, लाईट गेली तरी कार्डाला धक्का कमी बसतो, मात्र पावत्यांचा डेटा दुसरीकडं लिहायचा, नाहीतर रीबूटला सगळं साफ.

आता सिरीयल, माझ्या मते खरी किंमत वसूल होते ती इथं. बाजूला एक जुना पाय झिरो डब्ल्यू (याच कंपनीचा लहान बोर्ड) ठेवलाय, त्याला यूएसबीवरनं सिरीयल देणारं यूएसबी-टीटीएल मॉड्यूल, त्याच्या तीनच वायरी पायच्या ६, ८ आणि १० नंबर पिनांवर, म्हणजे ग्राउंड, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची), आणि टीएक्स-आरएक्स उलटसुलट, एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला. लाल ५ व्होल्टची वायर मोकळीच सोडायची. पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, इंडिकेटरची आरएस-२३२ थेट लावाल तर बोर्ड खल्लास, मधी व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ चिप पाहिजेच. सिरीयलचा स्पीड ११५२०० बॉड. मोबाईल सिमला बाहेरून पोचता येणारा आयपी सहसा मिळत नाही, म्हणून झिरोवरनं उलटा एसएसएच टनेल काढलाय, म्हणजे झिरोच आतून बाहेर जोडणी करतो आणि त्याच वाटेनं आम्ही आत शिरतो, आणि लॉग चोवीस तास तिथं साठतोय.

फायदा काय, तर मरायच्या आधीच्या ओळी मिळतात. आमच्याकडं सारखं अंडरव्होल्टेज यायचं आणि त्याच्यामागं कार्डाचे एरर. बोर्डाला ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो बोंबलतो. बघितलं तर मिलवाल्यानं मोबाईलचा चार्जर लावलेला! ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा नीट अडॅप्टर लावला, निम्मी कटकट संपली. नुसत्या वॉचडॉगच्या जिवावर असतो तर बोर्ड उठत-पडत राहिला असता आणि आम्ही कार्डं बदलत बसलो असतो.

नावडलेलं एक, ब्लूटूथमुळं चांगला यूएआरटी (चिपमधला सिरीयलचा भाग) तिकडं गुंतलेला आणि पिनांवर हलका मिनी यूएआरटी येतो. ब्लूटूथ बंद करून घ्या, काट्यावर ते कुणाला लागतंय.

बीगलबोन ब्लॅक हा असाच दुसरा बोर्डही वापरलाय. डीबगला वेगळी सहा पिनांची पट्टी, बोर्डावरच ईएमएमसी (पक्की बसवलेली मेमरी), त्यामुळं कार्डाची झंझट नाही, आणि यू-बूटमध्ये (कर्नलच्या आधी चालणारा, त्याला सुरू करणारा प्रोग्राम) बूटकाउंट लावता येतो, ठरावीक वेळा बूट फसलं की दुसऱ्या इमेजवर जातं. पण सिरीयलच्या लोंबत्या वायरीवर मोटर स्टार्टरचा नॉईज आला की यू-बूटला वाटतं कुणीतरी बटण दाबलं, आणि तो प्रॉम्प्टवर वाट बघत बसतो. यू-बूटचं बूटडिले हे सेटिंग उणे २ करा, मग तो कुणाचं ऐकत नाही.

पाय ५ ला डीबगचं वेगळं तीन पिनी कनेक्टर दिलंय, ते भारी आहे, पण काट्यासाठी तेवढा महाग बोर्ड मालकाला पटवणं माझ्याच्यानं होईना.