समोर इम्पोर्टेड शेगडी, मागे किचनचा पाइप: ग्वाल्हेरमधली एक फसवणूक

दिवाळी उरकली की ग्वाल्हेरात "फायरप्लेस इन्सर्ट, एका दिवसात फिटिंग" असे मेसेज मोबाइलवर फिरू लागतात. थंडीच्या दिवसांत इथलं धुकं लवकर हटत नाही आणि जुन्या घरांच्या उंच छतांखाली इलेक्ट्रिक हीटरचा जोर चालत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक तयारच असतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी घरातल्या काका-काकूंनी असंच एक काम करून घेतलं. बंद पडलेल्या जुन्या फायरप्लेसमध्ये काच-दरवाजाची लोखंडी पेटी बसली, 1 लाख 60 हजार रुपये गेले आणि पक्कं बिल मिळालं नाही. पुढे वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांना सकाळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, भिंतीवर तपकिरी ओघळ उतरले आणि एका रात्री काच फुटून निखारे जाजमावर आले. माणसं वाचली. भिंत उघडल्यावर जे दिसलं ते इथे लिहीत आहोत, कारण हेच काम मुरारमध्ये आणि शिंद्यांच्या छावणीतही विकलं जातंय.

फसवणूक पेटीत कमी आणि पेटीच्या मागे जास्त होती. इन्सर्ट म्हणजे नुसती शेगडी नव्हे. शेगडीच्या डोक्यापासून छतावरच्या धुराड्याच्या तोंडापर्यंत अखंड स्टेनलेस स्टीलचा पाइप, म्हणजे लायनर, हा तिचा अर्धा भाग असतो आणि खर्चाचाही मोठा वाटा तोच खातो. या घरात धुराडं 22 फूट उंच. आत पाइप सापडला जेमतेम चार फूट, तोही किचनच्या चिमणीला लावतात तो ॲल्युमिनियमचा चुण्यांचा पाइप. वर तो जुन्या विटांच्या पोकळीत तसाच मोकळा सोडला होता. भोवती काचलोकर कोंबून साधं सिलिकॉन फिरवलं होतं आणि पुढून सिमेंटने तोंड बंद केलं होतं. काकांनी पाइपाबद्दल विचारलं होतं. ठेकेदाराचं उत्तर आलं, "अंकलजी, पुरानी चिमनी है, सौ साल से चल रही है, इसको क्या होगा?"

काय होतं ते सांगतो. जुनी पोकळी 14 इंच बाय 14 इंच, म्हणजे 196 चौरस इंच. 6 इंची पाइपाचं तोंड 28 चौरस इंच. धूर पाइपातून बाहेर पडताच त्याला सातपट जागा मिळते, तो मंदावतो आणि गार होतो. उघड्या फायरप्लेसमध्ये बहुतेक उष्णता वर निघून जाते, त्यामुळे धुराडं त्या मानाने गरम राहतं. इन्सर्ट ती उष्णता खोलीत ठेवतो, म्हणून वर जाणारा धूर मुळातच थंड असतो. धूर साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली गेला की त्यातलं डांबरासारखं क्रिओसोट भिंतींवर बसतं. भिंतीवरचे ओघळ त्याचेच. हे क्रिओसोट पेटलं तर धुराड्यात 1100 अंशांपर्यंत आग जाऊ शकते आणि ॲल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं. शिवाय चुन्याची दरज कुठे ना कुठे उघडी असतेच. तिथून कार्बन मोनॉक्साइड वरच्या खोलीत शिरत होता. त्याला ना रंग ना वास. ताप नसताना घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय आणि अंगणात गेल्यावर बरं वाटतंय, तर सर्दी समजून वाफारा घेत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि 112 ला फोन करा.

आता चुंबकाचा खेळ. ठेकेदाराने पाइपाच्या तुकड्याला चुंबक लावून दाखवला, तो चिकटला नाही. "देखिए आंटीजी, 316 स्टील, इम्पोर्टेड." 316, 304, 202 हे स्टेनलेस स्टीलचे प्रकार. पण चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. तो 304 ला चिकटत नाही आणि बाजारात 304 म्हणून खपवल्या जाणाऱ्या स्वस्त 202 लाही नाही. म्हणजे या चाचणीने काहीच ठरत नाही. ॲल्युमिनियमचा पातळ पाइप खिळ्याने टोचला की लगेच भोक पडतं, तेवढ्यावरून तो ओळखता येतो. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि आम्लयुक्त धुरापुढे ते टिकाव धरतं. स्टीलच्या व्यापाऱ्याकडे बॅटरी आणि द्रावणाची मॉली टेस्ट असते. थेंब टाकून मिनिटभरात कळतं. पाइपाबरोबर स्टील कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतकामाचा क्रमांक, मालावरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. ज्यांचे पाहुणे बडोद्यात आहेत त्यांना तर आणखी सोपं: केमिकल कारखान्यांची कामं करणाऱ्या तिथल्या फॅब्रिकेटरांकडे धातू तपासणारी एक्स-रे गन असते. तुकडा पाठवा, दोन मिनिटांचं काम.

काचेतही हात मारला होता. लाकडाच्या शेगडीला सिरॅमिक काच लागते, ती 700 अंशांच्या आसपास तग धरते. इथे बसवली होती टफन्ड काच. तिची झेप साधारण 250 अंशांपर्यंत. छोट्या जाळावर ती महिनाभरही चालते, म्हणून ठेकेदार डेमो देताना चार काड्या पेटवून दाखवतो. सिरॅमिक काच कडेने पाहिली की किंचित पिवळसर-तपकिरी झाक दिसते. पोलरॉइड गॉगल घालून तिरप्या उजेडात पाहिल्यावर डाग-पट्टे उमटले तर ती टफन्ड. गॉगलची युक्ती फुकट आहे, पैसे देण्याआधी करा. दरवाजाच्या कडेने हवा अडवायला दोरी बसवलेली असते, तिची तपासणीही फुकटच. दहाची नोट दरवाजात धरून तो बंद करा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून हवा शिरणार आणि जाळ तुमच्या ताब्यात राहणार नाही. चारही बाजूंनी करून पाहा.

मोठी शेगडी विकणं ही वेगळी लबाडी, आणि तिच्यात गिऱ्हाइकालाच आपण फायद्यात राहिलो असं वाटतं. खोली 16 बाय 14 फूट, उंची 12 फूट, म्हणजे सुमारे 76 घनमीटर. ब्रिटनमध्ये ढोबळ हिशेब 14 घनमीटरला एक किलोवॅट असा धरतात, तोही बाहेर शून्याखालची थंडी गृहीत धरून. ग्वाल्हेरला पाच किलोवॅट भरपूर झाले. दिली बारा. मग खोली तापते, माणूस हवेची कळ दाबून जाळ कोंडतो, लाकूड धुमसत राहतं आणि क्रिओसोट झपाट्याने साचतं. युरोपच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पेटीवर धातूची पट्टी हवी. त्यावर ईएन 13229 किंवा नवं ईएन 16510 हा युरोपीय मानकाचा क्रमांक, किलोवॅट, इंधन आणि जळाऊ वस्तूंपासून ठेवायचं अंतर लिहिलेलं असतं. या पेटीवर होता एक चकचकीत स्टिकर. पट्टी नसेल तर पडदे, सोफा, गादी यांपासून निदान 90 सेंटिमीटर अंतर ठेवा.

छतावर ॲल्युमिनियमचा गरगर फिरणारा पंखा लावला होता. कारखान्याच्या शेडवर तो ठीक. धुराड्यावर क्रिओसोटने त्याचं बेअरिंग जाम होतं आणि तो बुचासारखा बसतो. बरं, गच्चीवर नंतर बांधलेली जिन्याची खोली धुराड्यापासून सहा फुटांवर आणि त्याहून उंच होती, त्यामुळे वारा आला की धूर उलटा खाली. अमेरिकेतला नियम इथेही लागू पडतो: धुराडं छतातून जिथे बाहेर येतं तिथून किमान 3 फूट वर, आणि आडव्या 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याहून 2 फूट उंच.

खरं काम कसं होतं ते एकदा माहीत असलं की खोटं लगेच ओळखू येतं. आधी धुराडं झाडून घेतात, कबुतरांची घरटी निघतातच. मग वरून 6 इंची 316 चा लवचीक लायनर सोडतात, 22 फुटांच्या धुराड्याला साधारण 24 फूट. त्याला अर्धा ते एक इंच जाडीचं सिरॅमिक लोकरीचं ब्लँकेट आणि वर जाळी गुंडाळलेली असते. खाली तो शेगडीच्या कॉलरला स्क्रूने जोडतात आणि जुन्या डॅम्परच्या, म्हणजे धुराड्याच्या झडपेच्या, जागी पत्र्याचा ब्लॉक बसवून वर सिरॅमिक लोकर भरतात. वर टॉप प्लेट, क्लॅम्प आणि टोपी. एका दुपारचं हे काम नव्हे. तुम्ही एकच करा: पुढचं तोंड बंद करण्याआधी गच्चीवर जाऊन टोपीखाली डोकावा. गोल स्टीलची कडा दिसली नाही तर लायनर वरपर्यंत आलेलाच नाही. स्वतः चढता येत नसेल तर मोजायची टेप लावलेला फोटो मागा.

त्याच ठेकेदाराने "भट्टीत वाळवलेलं" बाभळीचं लाकूड टालच्या, म्हणजे लाकडाच्या वखारीच्या, दुप्पट भावाने विकलं. ओलावा मोजायचा मीटर टोचून 14 टक्के दाखवले, पण ओंडक्याच्या टोकाला, जिथे लाकूड सगळ्यात आधी वाळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचला तर 31. हवं 20 च्या खाली. विलायती बाभूळ किंवा शिसम फोडून, पावसापासून झाकून पण बाजूंनी मोकळं रचून एक उन्हाळा काढला की लाकूड जळण्याजोगं होतं. रंगवलेलं लाकूड, प्लाय, सनमायकाचे तुकडे मुळीच नकोत.

चालवताना पहिले तीन जाळ लहान, खिडक्या उघड्या ठेवून, कारण रंग भाजला जातो आणि वास सुटतो. रोज पेटवताना हवेची कळ पंधरा-वीस मिनिटं पूर्ण उघडी ठेवा, मग थोडी कमी करा. रात्रभर धुमसत ठेवण्याचा मोह टाळा. थंडी आत येऊ नये म्हणून आपल्याकडे दारांच्या फटींत कपडे कोंबतात, आणि त्यात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू असला की धूर खोलीतच ओढला जातो. एक खिडकी बोटभर उघडी हवी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेगडीपासून एक ते तीन मीटरवर आणि दुसरा झोपण्याच्या खोलीत. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून बाहेर फरशीवर ठेवा, आतले निखारे दोन-चार दिवस जिवंत राहतात. लायनर वर्षातून निदान एकदा झाडून घ्या, आणि मधेच 3 मिलिमीटर थर दिसला तर तेव्हाच. लवचीक लायनरला तारेचा ब्रश नको, नायलॉनचा. धुराड्यातून घरघर आवाज आला, म्हणजे आतलं क्रिओसोट पेटलं असेल, तर हवा बंद करा, पाणी ओतू नका, सगळे बाहेर आणि 101.

पैशांचं पाहिलं तर या घरी 80 टक्के आगाऊ गेले होते, उरलेले त्याच संध्याकाळी. एक तृतीयांश पैसे माल घरी येऊन तपासल्यावर, एक तृतीयांश लायनर वरपर्यंत दिसल्यावर आणि उरलेले चार-पाच पूर्ण जाळ झाल्यावर, अशी बोली करा. ती ज्याला चालत नाही त्याला चहा पाजून निरोप द्या. फसला असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल नसेल तर यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि भिंत उघडतानाचे फोटो जोडा. पाइप भंगारात देऊ नका, तोच पुरावा.

काकांच्या शेगडीची पेटी ओतीव लोखंडाची आणि बिनतड्याची निघाली. काच, दरवाजाची दोरी आणि पूर्ण लायनर नव्याने घातला की ती वापरता येईल. खोलीच्या मानाने मोठी आहे, म्हणून एका वेळी दोनच बारीक फोडलेली लाकडं, पण हवा मोकळी ठेवून.