टिल्टिंग फ्ल्युम, वर्षभर वापरून: वाळू चालते, पंप चालत नाही

कॉलेजच्या लॅबमधल्या टिल्टिंग फ्ल्युमच्या (उतार बदलता येणारा काचेचा लांब पाट, त्यात पाणी आणि वाळू वाहताना दाखवायची) पंपाचं सील पुन्हा गेलं. प्रॅक्टिकल चालू, बॅच उभी, आणि मोटरखालून पाणी. कंपनीला (नाव लिहीत नाही, एएमसीचं, म्हणजे देखभालीच्या कराराचं, बोलणं अजून चालू आहे) फोन केला तर तिकडचा माणूस म्हणतो, सर, आत वाळू गेलीये, वॉरंटीत बसत नाही. अहो, कोटेशनवर तुम्हीच ठळक अक्षरात 'सेडिमेंट ट्रान्सपोर्ट', म्हणजे पाण्याने वाळू वाहून नेणं, लिहिलंय ना, मग आत वाळू नाही तर काय साबुदाणा जाणार?

स्पेक्स सगळ्यांना माहीतच आहेत, 5 मीटर लांब, 300 मिमी रुंद, काचेच्या बाजू, चाक फिरवून उतार बदलायचा. काच चांगली, कुठे गळत नाही, जॅक मऊ फिरतो. माझं सगळं भांडण आहे ते शेवटच्या टोकाच्या जाळीशी.

सोबत जी वाळू येते ती 1 ते 2 मिमीची. जाळीची भोकं तिच्याच हिशोबाने ठेवलेली, त्यामुळे ती वाळू व्यवस्थित अडते. पण त्या वाळूत शिकवायचं काय? दाणे तळावरून गडगडत जातात, मधेच उडी मारतात, बेड लोड म्हणजे काय ते कळतं, झालं. साधारण 0.6-0.7 मिमीच्या वर दाणा गेला की रिपल्स (तळावरच्या वाळूच्या छोट्या लाटा) बनत नाहीत, तळ आपला सपाटच. पाचव्या मिनिटाला पोरांचे मोबाईल बाहेर. पहिलं सेमिस्टर संपलं तेव्हा मी एचओडींना सरळ सांगितलं होतं की पैसे पाण्यात गेले, आणि तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर एकच स्टार दिला असता.

मग वाळू बदलली. शेजारच्या काँक्रीट लॅबमध्ये सिमेंट टेस्टिंगची एन्नोर सँड असते, तिची ग्रेड 3 म्हणजे 90 मायक्रॉन ते 0.5 मिमी, बघूनच तोंडाला पाणी सुटतं, पण ती महाग आणि तिथले सर चमचाभरही देणार नाहीत. क्रश सँड आणली तर तिची धूळ धुता धुता दिवस जातो. शेवटी वर्कशॉपमागे पडलेला जुन्या नदीच्या वाळूचा ढीग चाळला, 600 मायक्रॉनमधून खाली आलेली आणि 300 वर अडकलेली तेवढीच घेतली. खर्च शून्य, लॅब असिस्टंटचा चहा सोडून.

आणि काय सांगू, अर्ध्या तासात तळावर रिपल्स! काचेला नाक लावून बघायची गोष्ट आहे. दाणा मागच्या मंद चढावरून ढकलत ढकलत वर येतो, माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखा करतो आणि पुढच्या उतारावरून खाली घसरून गाडला जातो, मग अख्खा रिपल त्याच्या अंगावरून पुढे सरकला की मागच्या बाजूला तोच थर उघडा पडतो आणि दाणे परत चालायला लागतात. फिश टँकची चिमूटभर लाल वाळू टाकली तर हे लांबूनही दिसतं. एका पोराने रांगोळी टाकून पाहिली, ती तळाला न लागता पाण्याबरोबर तरंगत निघून गेली, सस्पेंडेड लोड वेगळा शिकवावाच लागला नाही.

आकडेही जुळतात. 5 सेमी खोली, 1000 ला 1 उतार, म्हणजे अख्ख्या फ्ल्युमला फक्त 5 मिमी चढ, तळावरचा ताण आला सुमारे 0.49 पास्कल (काचेचं घर्षण सोडून). एवढ्यात बारीक वाळू चालते, कंपनीची जाड वाळू ढिम्म. दाणा किती ताणाला हलतो याचं शील्ड्सने 1936 मध्ये बर्लिनला जे मांडलं ते पोरं नुसत्या वक्रावरून पाठ करतात, 0.047 हा आकडाही व्हायवात फाडफाड सांगतात (दाणा सुटायच्या ताणाचा, एकक नसलेला, मायर-पीटर आणि म्यूलर यांचा, 1948 चा), पण इथे प्रश्न येतो की 'चालायला लागली' म्हणायचं कधी? एक दाणा हलला तेव्हा की सगळा तळ सुटला तेव्हा? प्रत्येक ग्रुपचा उतार वेगळा येतो आणि भांडणं लागतात. क्रेमरने 1935 मध्येच कमी, मध्यम आणि सर्वत्र हालचाल अशा पायऱ्या केल्या होत्या, त्या आता कुणाला समजावाव्या लागत नाहीत.

पण हीच बारीक वाळू जाळीतून आरपार संपमध्ये (खालच्या पाण्याच्या टाकीत), तिथून पंपात. कंपनी म्हणते आम्ही दिलेलीच वाळू वापरा. म्हणजे पंप वाचवायचा तर रिपल्स विसरा.

शेवटी पोरांनाच असाइनमेंट दिली, वाळू पंपाआधी अडवा. 0.3 मिमीचा दाणा पाण्यात सेकंदाला साधारण 4 सेमी बुडतो, संपमध्ये पाणी 40 सेमी, म्हणजे 10 सेकंद पाणी शांत मिळालं तरी पुरे. भंगारातल्या ॲक्रिलिकच्या दोन पाट्या संपमध्ये प्रवाहाला आडव्या उभ्या केल्या, एक वरून सांडणारी, एक खालून सोडणारी, आणि पंपाचा सक्शन तळापासून उचलला. आता वाळू पहिल्याच कप्प्यात साचते, प्रॅक्टिकल झालं की डब्याने उपसायची. सील गेलं ते हे बसवायच्या आधी खाल्लेल्या वाळूमुळे, असं मेकॅनिक म्हणाला.

घेणाऱ्यांनी टेंडरमध्ये जाळीच्या भोकाचं माप आणि 0.3 मिमी वाळूवर पंपाची वॉरंटी लेखी घ्या, तोंडी 'होऊन जाईल सर' चालवून घेऊ नका. पुलाच्या खांबाचं मॉडेल वेगळ्या पैशाने विकतात, ते नको, पीव्हीसी पाइपचा तुकडा वाळूत रोवला की पाणी येऊन आदळतं त्या अंगाला खड्डा पडताना दिसतो, आणि सावित्री पुलाचा (2016 मध्ये महाडजवळ पुरात वाहून गेला तो) विषय पोरं स्वतःच काढतात. डिजिटल वेगमापकही घेऊ नका, त्याचा पंखा वाळूने अडकतो. थर्माकोलचा तुकडा सोडा, स्टॉपवॉच मोबाईलमध्ये आहेच, आलेला वेग वरच्या पाण्याचा असतो, सरासरीसाठी त्याला 0.85 ने गुणा.