सपाट कॅनव्हासवर खोली शिकवणारा सोलापुरातील रविवारचा चित्रकला वर्ग

सोलापुरात प्रौढांसाठी चालणाऱ्या एका खासगी चित्रकला वर्गात मी निसर्गचित्रणाचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी करून घेणारे वर्ग शहरात पुष्कळ आहेत. येथे मात्र बहुतेक वेळ सपाट पृष्ठभागावर खोलीचा आभास कसा निर्माण होतो, या एकाच प्रश्नाला दिला जातो.

सुरुवात रेषेपासून होते. क्षितिजरेषा म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, एवढे फळ्यावर सांगून शिक्षक थांबत नाहीत. ते सिद्धेश्वर तलावाच्या काठी नेऊन एकच दृश्य आधी उभे राहून आणि मग खाली बसून रेखाटायला लावतात. बसल्यावर पाण्याचा पट्टा किती अरुंद होतो, हे तेव्हा हातालाच कळते. रस्त्याकडेचे विजेचे खांब अंदाजाने जवळजवळ आणण्याचीही गरज उरत नाही. पहिल्या खांबाच्या टोकापासून दुसऱ्याच्या मध्यातून रेषा ओढली, की ती जमिनीच्या रेषेला जिथे मिळते तिथे तिसरा खांब येतो. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये मसाच्चो या चित्रकाराने सुमारे १४२७ साली रंगवलेल्या ‘ट्रिनिटी’ या भित्तिचित्राचे विवेचनही उत्तम होते: त्यातील लोपबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू, क्रूसाच्या पायथ्याजवळ, साधारण प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर असल्यामुळे भिंतीत खरोखरच कमानदार छताचे दालन कोरले आहे असे वाटते.

माझ्या मते या वर्गाचे खरे वैशिष्ट्य हवेच्या अभ्यासात आहे. दूरच्या वस्तू फिकट आणि निळसर दिसतात, हे लिओनार्दोने आपल्या टिपणांत नोंदवले आहे आणि बहुतेक ठिकाणी तेवढाच नियम पाठ करून घेतला जातो. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात हवेत धूळ असते, आणि हवेचे रेणू जसा निळा प्रकाश अधिक विखुरतात तसे धुळीचे मोठे कण करत नाहीत. त्यामुळे येथील वैशाखातले अंतर निळे नसून पांढुरके, मातकट असते, आणि पावसाने हवा धुऊन निघाल्यावरच ती निळाई परतते. शिक्षकांनी त्यासाठी पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि अगदी थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून घेतला. रंगछटेपेक्षाही छायाप्रकाशातील तफावत कमी करणे महत्त्वाचे, हा त्यांचा आग्रह मला पूर्ण पटला, कारण दूरच्या बाभळींच्या सावल्या गडद राहिल्या तर कितीही निळा रंग ओतला तरी ती झाडे पुढेच येतात. डोंगर नसलेल्या आपल्या माळरानाचे चित्र काढणाऱ्याला हे ज्ञान अनमोल आहे.

उणिवा दोन आहेत. स्थिरचित्राच्या खोलीत दोन्ही बाजूंना ट्यूबलाइट असल्याने सावल्या एकमेकींना पुसून टाकतात आणि गोलाई दिसतच नाही. एका बाजूचा दिवा बंद ठेवला तरी हा दोष दूर होईल. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एका लोपबिंदूवाचून जागा मांडणाऱ्या दख्खनी लघुचित्रांची परंपरा शेजारच्या विजापुरात बहरली, तरी तिचा उल्लेखही झाला नाही. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन यांनी सपाटपणा जाणीवपूर्वक कसा वापरला, यावरही एक तास हवा होता.

शुल्क इतर वर्गांपेक्षा काहीसे जास्त असून कॅनव्हास आणि रंग स्वतःचे आणावे लागतात. ज्यांना केवळ परीक्षेपुरती तयारी हवी आहे त्यांना ही गती संथ वाटेल. उघड्यावर बसून चित्र काढण्याची ओढ असलेल्यांनी मात्र पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होणाऱ्या तुकडीत नाव नोंदवावे, म्हणजे दोन्ही प्रकारची हवा रंगवायला मिळेल.