हायड्रोमीटरवर १.०२५ दाखवलं, म्हणून विश्वास ठेवला

सोलापुरात घरी समुद्री माशांचा टँक लावायचं मनात असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे जवळजवळ ३८ हजार गेले. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की माझ्या अकरा वर्षांच्या मुलासमोर एका आठवड्यात सात जीव गेले.

गोड्या पाण्याचे मासे आमच्या घरी बारा वर्षं आहेत. गप्पी, मोली, एंजल. जुळे सोलापूर भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते साठवायचं, क्लोरीन उडायला बादलीत उघडं ठेवायचं, मग टँकचं पाव पाणी बदलायचं, हे सगळं अंगवळणी पडलंय. म्हणजे मी नवखी नव्हते. पण समुद्री टँकचं गणित वेगळं आहे आणि मला ते येत नाही, हे त्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांतच ओळखलं असणार.

शाळेच्या सहलीत मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, तेव्हापासून ते रंग डोळ्यांत होते. मुलाला क्लाउनफिश हवा होता. गड्ड्याची यात्रा संपल्यावर, थंडीतच काम उरकू म्हणून आम्ही ठरवलं. एका ओळखीच्यांनी शहरातल्याच एका विक्रेत्याचा नंबर दिला. तो घरी आला, जागा बघितली आणि म्हणाला, "वहिनी, टेन्शन घेऊ नका की. सगळं रेडी करून देतो, तुम्ही फक्त खायला घाला."

तीन फुटी टँक, फिल्टर, पाणी फिरवणारा पंप म्हणजे पॉवरहेड, लाइट, लाइव्ह रॉक (जिवाणू वस्तीला असलेले समुद्रातले दगड) म्हणून दगड, आणि पाण्याला आरओचे आठ जार. एक पांढरा प्रवाळाचा तुकडा "घ्या, माझ्याकडून भेट" म्हणून पुढे केला, तो यांनी हातात घेतला नाही. बरं झालं. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो विकणाराच नाही तर घरात ठेवणाराही अडकतो.

आता मिठाचं सांगते, कारण खरी फसवणूक तिथे आहे. साध्या पांढऱ्या पिशव्यांत, स्टेपल मारलेलं, सहा किलो मीठ त्याने आणलं. पिशवीवर ना कंपनीचं नाव, ना बॅच, ना तारीख. "मुंबईहून मोठी गोणी येते, आम्ही सुटं करून देतो, तुम्हाला स्वस्त पडतं." किलोला २५० रुपये. बादलीत ढवळताना माझ्या लक्षात आलं होतं, खडे मोठे होते आणि तळाला करडा गाळ बसला होता. मी विचारलंसुद्धा. "समुद्राचंच आहे ना वहिनी, थोडी माती असणारच." मग त्याने हायड्रोमीटर बुडवला आणि काटा मला दाखवला. बरोबर १.०२५. समुद्राच्या पाण्याला तेवढंच लागतं हे मी वाचलेलं होतं. मला पटलं.

हायड्रोमीटर फक्त पाण्याची घनता सांगतो. किराणा दुकानातलं खडे मीठ तेवढ्याच हिशेबाने घातलं तरी काटा तिथेच थांबतो. समुद्री टँकच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास धरून ठेवणारे क्षार, सगळं ठरलेल्या प्रमाणात असतं. त्यातलं काहीही हायड्रोमीटरला दिसत नाही. हे त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याने तेवढं एकच उपकरण काढलं.

तिसऱ्या दिवशी तो मासे घेऊन आला. दोन क्लाउनफिश, दोन डॅमसेल, चार गोगलगायी. मी म्हटलं, टँक सायकल व्हायला महिना-दीड महिना लागतो ना? गोड्या पाण्यातही आपण थांबतो. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू आधी तयार व्हावे लागतात. "बॅक्टेरियाची बाटली घातलीय, आता वाट बघायची गरज नाही." त्याच दिवशी पूर्ण पैसे घेतले. कच्ची पावती दिली, तिच्यावर फक्त "मासे व साहित्य".

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही गोगलगायी तळाला उलट्या पडलेल्या. काचेला एकही चिकटलेली नाही. फोन केला तर म्हणाला, प्रवासाचा त्रास असतो. चौथ्या दिवशी एक डॅमसेल गेला, सहाव्या दिवशी दुसरा. क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या थरात येऊन भराभरा कल्ले हलवत होते. पुन्हा फोन केला. "पाणी अजिबात बदलू नका, औषध पाठवतो." ६५० रुपयांची निळी बाटली पोराच्या हातून आली आणि मी ती टाकली. पाणी बदलू नका हा सल्ला सगळ्यात घातक होता, हे नंतर कळलं. आठव्या दिवशी दुपारी एक क्लाउनफिश गेला. मुलगा शाळेतून आला तेव्हा तो फिल्टरच्या जाळीला चिकटलेला होता.

माझ्या भाच्याचा मित्र पुण्यात समुद्री टँक सांभाळतो. त्याच संध्याकाळी तो हुतात्मा एक्स्प्रेसने आला, टेस्ट किट आणि सीलबंद मिठाचं पाकीट घेऊन. रात्री साडेदहाला स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याने कॅल्शियमची टेस्ट लावली. नळीतलं पाणी गुलाबी होतं आणि एकेका थेंबाने ते निळं व्हायची वाट बघायची. एक थेंब म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम. चांगल्या टँकला वीस-बावीस थेंब लागतात. आमचं दुसऱ्या थेंबाला निळं झालं. अमोनियाची नळी गडद हिरवी आली, ती पिवळी राहायला हवी होती. तो काहीच बोलला नाही, बादली मागितली आणि नवं मीठ कालवायला बसला. उरलेल्या क्लाउनफिशला रात्रभर थेंब थेंब नवं पाणी दिलं. सकाळच्या हुतात्माने तो मासा थर्माकोलच्या डब्यातून पुण्याला गेला. तिथे तो आता खातोय.

विक्रेत्याकडे गेलो तर सूर बदललेला. "जिवंत मालाला गॅरंटी नसते. तुम्ही जास्त खायला घातलं असेल." माशांचं राहू द्या, मिठाचं काय, असं यांनी विचारलं, तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

म्हणून कळकळीने सांगते. समुद्री मीठ सीलबंद पाकिटातलंच घ्या, बॅच नंबर असलेलं. सुटं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. मीठ कालवल्यावर कॅल्शियम आणि पीएच तुमच्या समोर मोजायला सांगा. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका. टँक लावल्याच्या आठवड्यात मासे आणणाऱ्याला परत पाठवा. पक्कं बिल घ्या आणि त्यात मिठाचं, माशांचं नाव वेगवेगळं लिहून घ्या. क्लाउनफिश आपल्या देशात हॅचरीतही तयार होतात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तामिळनाडूतल्या मंडपम केंद्राने त्यांची पैदास केली आहे. तेव्हा मासा कुठून आला हे विचारायला संकोच करू नका.

फसला असाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही तक्रार तयार करतोय. सहा किलोतलं थोडं मीठ पिशवीच्या तळाला राहिलं होतं. ते स्टेपलसकट बरणीत बंद करून, तारीख लिहून कपाटात ठेवलंय. तुमच्याकडे अशी पांढरी पिशवी असेल तर ती फेकू नका.