वैऱ्यावर प्रीती: एका ऑडिओ अभ्यासमालेचे परीक्षण

वैऱ्यांवर प्रीती करण्याच्या आणि त्यांना क्षमा करण्याच्या ख्रिस्ती शिकवणीवरील ही ऑडिओ अभ्यासमाला आमच्या प्रार्थनागटाने एकत्र बसून ऐकली. या विषयावरील पुष्कळशी प्रवचने श्रोत्याला घाईघाईने क्षमेपर्यंत आणून सोडतात आणि ज्याची जखम अजून ओली आहे त्यालाच अपराधी ठरवतात. येथे तशी घाई नाही, आणि ही मला तिची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

आरंभ अर्थातच येशूच्या डोंगरावरील प्रवचनापासून होतो. ‘शेजाऱ्यावर प्रीती कर आणि वैऱ्याचा द्वेष कर’ असे सांगितलेले तुम्ही ऐकले आहे, असे येशू त्यात म्हणतो. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा जुन्या करारातील लेवीय १९:१८ मध्ये आहे, परंतु वैऱ्याचा द्वेष करावा असे त्या वचनात म्हटलेले नाही, हे निवेदक मत्तयाचा पाचवा अध्याय वाचताना शांतपणे दाखवून देतात. मग ते लूकच्या सहाव्या अध्यायाकडे वळतात. तेथे द्वेष करणाऱ्यांचे भले करावे, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्यावा आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, अशा कृतीच सांगितल्या आहेत. मनात गोडवा निर्माण होण्याची वाट पाहायला येशू सांगत नाही. ज्यांना राग आवरत नाही म्हणून आपला विश्वासच खोटा वाटू लागतो, त्यांना या भागातून खरा दिलासा मिळेल.

मत्तय १८ मधील निर्दय चाकराच्या दाखल्यावरचा भाग तर पुन्हा पुन्हा ऐकावा असा झाला आहे. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी. त्या हिशेबाने राजाने चाकराला माफ केलेले १०,००० तलांतांचे कर्ज सुमारे ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते, आणि त्याच चाकराने सोबत्याचा गळा धरला तो अवघ्या १०० दीनारांसाठी. मात्र १०० दिवसांची मजुरी ही गरिबासाठी क्षुल्लक रक्कम नव्हे, हे निवेदक आवर्जून सांगतात. आपल्यावर झालेला अन्याय खराच आहे, तो लहान करून दाखवल्याशिवायही क्षमा करता येते, हा विचार मला फार मोलाचा वाटला. किती वेळा क्षमा करावी, या शिष्य पेत्राच्या प्रश्नाला येशूने दिलेल्या सत्तर वेळा सातच्या उत्तराचा संबंध उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातील लामेखाच्या सत्याहत्तरपट सूडाच्या बढाईशी जोडला आहे, तोही पटणारा आहे.

पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्यावरील भाग छोटा आहे, पण त्यात चांगला संयम पाळलेला आहे. दगडमार होत असताना त्याने मारेकऱ्यांसाठी प्रार्थना केली आणि त्या वधाला संमती देणारा शौल पुढे प्रेषित पौल झाला. तरीही क्षमा केली की वैरी बदलतोच, असे आश्वासन येथे कोणालाही दिलेले नाही.

उणीव आहे ती न्यायाविषयीच्या भागात, आणि ती गंभीर आहे. सूड देवावर सोपवावा हे रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील वचन तन्मयतेने वाचले जाते, परंतु दुष्कर्म करणाऱ्याला शासन करणाऱ्या अधिकाऱ्याविषयी लगेच पुढच्याच अध्यायात पौल जे लिहितो त्याचा उल्लेखही होत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांचे उदाहरण घेतानाही असेच घडले आहे. १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली आग्जा याला त्यांनी काही दिवसांतच क्षमा केली आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली, हे सुंदर रीतीने सांगितले आहे. पण त्या भेटीनंतरही आग्जा अनेक वर्षे शिक्षा भोगत राहिला आणि इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची उर्वरित शिक्षा माफ केली ती २००० साली, हे सांगायचे राहून गेले आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या व्यक्तीने हा भाग ऐकला, तर क्षमा करणे म्हणजे तक्रार न करता तेथेच राहणे असा समज तिने करून घेण्याचा धोका आहे. पुढील आवृत्तीत ही दुरुस्ती अवश्य व्हावी.

निवेदन स्वच्छ आहे. पार्श्वसंगीत थोडे कमी चालले असते. सोबतच्या कार्यपुस्तिकेत दुखावणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहून तिच्यासाठी रोज प्रार्थना करण्याचा स्वाध्याय दिला आहे आणि तो गटात मोठ्याने वाचण्याची सूचनाही आहे. गट चालवणाऱ्यांनी ही सूचना वगळावी आणि तो स्वाध्याय प्रत्येकाला एकांतात करू द्यावा, कारण लिहिलेले नाव त्याच खोलीत बसलेल्या कोणाचे तरी असू शकते.