टेललॅम्पचं 'प्लॅस्टिक वेल्डिंग' म्हणून पैसे घेतले, खाली निघाला सोडा आणि फेविक्विक

ट्रकच्या मागच्या लाईटचा कान, म्हणजे दिवा ज्यावर नट-बोल्टने बसतो तो भाग, तुटला म्हणून कुणी गाडी उभी करत नाही. माल उतरवायचा, परतीचं भाडं धरायचं आणि वाटेत दहा मिनिटं थांबून काम उरकायचं. ही फसवणूक नेमकी त्या घाईत होते, म्हणून ती कशी ओळखायची ते सविस्तर लिहीत आहोत.

'नवीन दिवा कशाला घेता, वेल्डिंग करून देतो, कंपनीपेक्षा मजबूत' असं सांगितलं जातं. दहा मिनिटांत दिवा परत हातात मिळतो. काळा, चकचकीत, जोड कुठे आहे तेही कळत नाही. मग घाटात किंवा मोठ्या खड्ड्यात मागचं चाक आदळतं, कान त्याच जागी सुटतो आणि दिवा वायरीवर लोंबकळायला लागतो. रात्री मागून येणाऱ्याला ट्रकची एक बाजू दिसतच नाही. प्रश्न चार-पाचशे रुपयांचा नाही, कुणाच्या तरी जिवाचा आहे.

असा एक सुटलेला दिवा घेऊन जोडावरचा काळा स्प्रे ब्लेडने खरवडला, तर खाली पांढरी, काचेसारखी कडक पपडी निघाली. ब्लेडच्या टोकाने तिचे टवके उडत होते. तो होता खायचा सोडा आणि त्यावर सोडलेलं फेविक्विक. सोड्यावर हे गम पडलं की क्षणात दगडासारखं घट्ट होतं, नखाने दाबलं तरी हलत नाही, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण ही पपडी ठिसूळ असते. हौद्याच्या थरथरीने दिव्याची बॉडी लवते, पपडी लवत नाही, म्हणून जोड कडेने सुटत जातो. खऱ्या वेल्डिंगवर ब्लेड फिरवलं तर टवके उडत नाहीत. मूळ प्लॅस्टिकसारखीच, त्याच रंगाची साल निघते. एवढी एक परीक्षा पैसे देण्याआधी करा, आणि स्प्रे मारण्याआधी करा. 'रंग मारू नका, जोड उघडाच ठेवा' असं आधीच सांगितलं की निम्मी लबाडी तिथेच थांबते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्लॅस्टिकची जात. बॉडीच्या आतल्या बाजूला बहुधा जातीचा छाप असतो: एबीएस (ABS) किंवा पीपी (PP, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन). छाप नसेल तर तुटलेला छोटा तुकडा पाण्यात टाका. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. भराव घातलेलं पीपीही बुडू शकतं, म्हणून बुडालेल्या तुकड्यावर ॲसिटोनचा थेंब चोळा. एबीएस चिकट होतं, पीपीला काहीच होत नाही. पीपीवर फेविक्विक, एम-सील, साधं एपॉक्सी यातलं काहीच नीट धरत नाही. तिथे पीपीचीच सळई वितळवून भरावी लागते. 'कुठलंही प्लॅस्टिक एकाच सळईने जोडतो' म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

खरं काम असं होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, दिवा उतरवायचा, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करायचा. चीर जिथे संपते तिथे ३ मिमीचं भोक पाडायचं, नाहीतर ती पुढे सरकत राहते. चिरेवर व्ही आकाराची खाच पाडायची, साधारण अर्ध्या जाडीपर्यंत. मग गरम हवेच्या गनने सळई आणि बॉडी दोन्ही एकदम मऊ करून खाच भरायची. धूर निघून प्लॅस्टिक काळवंडलं, तर ते जळलंय आणि जोड कच्चा राहणार. कानाच्या मागच्या बाजूला स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा गरम करून आत बसवला की ताण एका रेषेवर येत नाही. एबीएस असेल तर दुसरी वाटही आहे. त्याच जातीचे तुकडे ॲसिटोनमध्ये मधासारखे घट्ट विरघळवायचे, ती लापशी जोडात भरून क्लॅम्प लावायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. हे दहा मिनिटांत होत नाही.

बसवताना रबरी बुश आणि रुंद वायसर हवाच. पुष्कळ कान धडकेने नाही, तर बुश हरवल्यावर नट करकचून आवळल्यामुळेच तुटतात.

लाल काचेत आणखी एक खेळ चालतो. काच म्हणतात, पण ती बहुतेकदा असते ॲक्रिलिक प्लॅस्टिकची. बारीक चीर असेल तर साइनबोर्डवाले ॲक्रिलिकला वापरतात त्या सॉल्व्हंटचा एक थेंब चिरेत सोडून ती सांधता येते. तुकडाच उडाला असेल तर काच बदला. लाल टेप किंवा लाल रंग लावून दिलेली काच घेऊ नका. त्याखाली रिफ्लेक्टरचा भाग झाकला जातो, आणि टेप सुटली की उघड्या भोकातून मागे पांढरा उजेड पडतो. पासिंगलाही ती अडते. पेट्रोल किंवा थिनरने काच पुसू देऊ नका, त्याने ॲक्रिलिकवर केसासारख्या चिरा पडतात.

शेवटी सगळीकडून सिलिकॉन फासून 'वॉटरप्रूफ' करून देतात. खालचं पाणी निघायचं बारीक भोक त्यात बुजतं आणि आत साचलेली वाफ बाहेर पडत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर त्याने होल्डरचा पितळी भाग गंजतो. मग अर्थ, म्हणजे दिव्याची गाडीच्या बॉडीशी असलेली निगेटिव्ह जोडणी, जाते. ब्रेक दाबल्यावर ब्रेकसोबत पार्किंग किंवा इंडिकेटरही मंद पेटायला लागला, तर दोष बहुतेकदा बल्बचा नसतो, अर्थचा असतो. अशा वेळी नवीन होल्डर, नवीन वायरिंग गळ्यात मारलं जातं. आधी अर्थचा नट सोडून पॉलिश पेपरने घासून घट्ट करा. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये ब्रेक-पार्किंगचा एकत्र बल्ब बदललाच तर त्यावर २४ व्होल्ट, २१/५ वॅट लिहिलेलं बघा. जास्त वॅटचा बल्ब काच मऊ करतो.

दिवा सोपवण्याआधी गाडीवर असतानाच सगळ्या कानांचा फोटो काढा, कारण स्क्रूड्रायव्हरने उचकटताना दुसरा कान तोडून 'हाही गेलेला होता' म्हणतात. नवीन दिवा घेतला तर जुना मागून घ्या. बिलावर 'प्लॅस्टिक वेल्डिंग' आणि सळईची जात लिहून घ्या. एकच ट्रक स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला ग्राहक म्हणून तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगाकडे जायला २ वर्षांची मुदत असते. सुटलेला दिवा फेकू नका. त्यावरची पांढरी पपडी तशीच राहू द्या, पिशवीत घाला आणि बिल त्याच पिशवीत ठेवा.