हार्ट फेल्युअरचा रुग्ण घरी आला: ओपीडी, घरची वही की नर्स?

हार्ट फेल्युअरमुळे, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडून अंगात पाणी साचल्यामुळे, ॲडमिट झालेला माणूस सुट्टी होऊन घरी आला की घरात तीन पर्यायांवर बोलणं सुरू होतं. ठरल्या तारखांना ओपीडीत न्यायचं, घरीच वजनाची वही ठेवून डॉक्टरांना फोन करायचा, की घरी येणारी नर्स लावायची? खर्च आणि धावपळ यांचा हिशेब तर होणारच, पण त्याआधी एक प्रश्न विचारा. सकाळी वजन दोन किलोने वाढलेलं दिसलं, तर त्याच दिवशी औषध बदलून देणारं कोण आहे? पुन्हा ॲडमिट व्हायची पाळी बहुतेकदा याच फटीतून येते.

पहिल्या सहा आठवड्यांसाठी आमचं मत स्पष्टपणे ओपीडीच्या बाजूने आहे. 2022 च्या स्ट्राँग-एचएफ या अभ्यासात 1, 2, 3 आणि 6 आठवड्यांनी तपासून औषधांचे डोस झपाट्याने वाढवले. 180 दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होण्याचं प्रमाण 15.2 टक्के राहिलं, नेहमीच्या पद्धतीत ते 23.3 टक्के होतं. कारण समजायला सोपं आहे. सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, बिसोप्रोलोल किंवा मेटोप्रोलोल सक्सिनेट, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन अशी औषधं सुट्टीच्या वेळी बहुधा छोट्या डोसवर असतात. पहिल्या दोन गटांचा डोस वाढवायचा तर बीपी, नाडी आणि रक्तातलं पोटॅशियम व क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) पाहावंच लागतं. कुणी पाहिलं नाही तर तोच छोटा डोस वर्षभर चालू राहतो आणि घरच्यांना वाटतं, औषध तर नियमित घेताहेत.

नागपुरात मेडिकलचं सुपर स्पेशालिटी किंवा मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं निवडली तर खर्च कमी, पण रांगेत वेळ जातो आणि दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असं नाही. म्हणून डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, इको आणि चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत न्यावीत, नुसती यादी पुरत नाही. धंतोली-रामदासपेठेत खासगी कार्डिओलॉजिस्टकडे डॉक्टर तेच राहतात, पैसे जास्त लागतात. काटोल-उमरेडहून येणाऱ्यांनी रक्त आदल्या दिवशी गावातच द्यावं आणि रिपोर्ट हातात घेऊन निघावं, नाहीतर डोस वाढवायचा निर्णय पुढच्या फेरीवर जातो.

ओपीडीची उणीव एवढीच, की पाणी तारीख बघून साचत नाही. तिथे वही कामाला येते. सकाळी उठून लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करा. काटा फरशीवर ठेवा. सतरंजीवर ठेवलेला काटा चुकीचा आकडा दाखवतो. दवाखान्याचा आणि घरचा काटा जुळत नाही, म्हणून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढची तुलना त्याच्याशीच करायची. तीन दिवसांत 2 किलोपेक्षा जास्त वाढ झाली तर ती चरबी नसते, जवळपास दोन लिटर पाणी असतं. वजनाशेजारी आणखी दोन गोष्टी लिहा: पायावर बोट दाबल्यावर खळगा राहतो का, आणि रात्री किती उश्या लागल्या. दोनच्या तीन उश्या झाल्या, तर काट्याने काहीही दाखवलं तरी फोन करा.

ॲप आणि महागडी यंत्रं घेण्याची घाई नको. 2010 च्या टेली-एचएफ आणि 2016 च्या बीट-एचएफ या अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत दूरून नोंदी घेऊन पुन्हा भरती कमी झाली नाही. जर्मनीतल्या 2018 च्या टिम-एचएफ2 मध्ये फायदा दिसला. तिथे नोंदी पाहायला चोवीस तास डॉक्टर-नर्सचं पथक होतं.

नर्स लावणं तेव्हाच योग्य, जेव्हा रुग्ण एकटा राहतो, त्याला काट्यावरचा आकडा दिसत नाही किंवा गोळ्यांचा घोळ होतो. इतरांनी ते पैसे तपासण्यांसाठी राखावेत. डोस ठरवायचं काम नर्सकडे जात नाही, ओपीडी चुकवता येत नाही.

पर्याय कोणताही असो, काही गोष्टी घरातच बिघडतात. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मीठ-पाणी धरून ठेवतं. मधुमेहाच्या गोळीत पायोग्लिटाझोन असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. ‘कमी सोडियमचं मीठ’ यात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोनसोबत ते धोक्याचं. दिवसाला मीठ 5 ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि हे पापड, सांडगे, लोणचं, सावजी रस्सा सगळं धरून. वरण कमी मिठाचं करून ताटात लोणचं वाढलं तर हिशेब तिथेच फसतो.

मे महिन्यात नागपूर 45 अंशांवर जातं तेव्हा धोका उलट्या बाजूनेही येतो. घाम, लघवीची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन मिळून वजन घसरतं, उभं राहताना चक्कर येते, क्रिएटिनिन चढतं. उलट्या-जुलाब झाले तर या दोन गोळ्या सुरू ठेवायच्या का, हे त्याच दिवशी विचारा. एक लिटर ओआरएसमध्ये 2.6 ग्रॅम मीठ असतं. उन्हाळ्याचं सरबत म्हणून ते रोज पाजू नका.

सुट्टीच्या दिवशी बिलाच्या गडबडीत हे राहून जातं, म्हणून आधीच मागून घ्या. कार्डावर डॉक्टरांच्या हातचं लिहून हवं: वजन किती वाढलं तर लघवीची गोळी किती जादा, किती दिवस, आणि फोन कोणत्या नंबरवर. आडवं पडता येत नाही, छातीत दुखतंय किंवा भोवळ आली, तर मात्र फोनवर सल्ला नाही, थेट 108.